व्हॅनेडियमच्या पोलादाला तेलात न बुडवता ताकद कशी येते? ईएन१९ (क्रोम-मॉलिब्डेनमचं, तेलात बुडवून कडक करायचं पोलाद) ऐवजी ते वापरलं तर स्वस्त पडेल का?

या प्रश्नावर आमच्याकडे जेवणाच्या ताटावर भांडण झालंय, म्हणून लिहितोय.

दाजींची सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटची भट्टी आहे. मी तेव्हा एका फोर्जिंगमध्ये क्वालिटीला होतो. ३८एमएनव्हीएस६ या व्हॅनेडियमच्या पोलादाचे कनेक्टिंग रॉड करत होतो. ड्रॉइंगवर कडकपणा २५० ते २९० ब्रिनेल, आमचे निघायचे २२५. दाजी म्हणाले, "पाव्हणं, तेलात बुडवल्याबिगर पोलादाला दम येत नसतो. पाठवा माझ्याकडं." मालकांनी पाठवले. कडकपणा आला, नाही म्हणत नाही, पण निम्मे रॉड वाकून आले आणि ते सरळ करायला वेगळा माणूस बसवावा लागला.

खोट मालात नव्हतीच. हॅमरवरून उतरलेले लाल जॉब, म्हणजे घडवलेले रॉड, आम्ही लोखंडी पेटीत एकावर एक टाकायचो. ढिगाच्या पोटातले कितीतरी वेळ धगधगत राहायचे. या पोलादात व्हॅनेडियम जेमतेम ०.१ टक्का. फोर्जिंगच्या १२०० डिग्रीला ते विरघळून जातं आणि जॉब गार होताना, साधारण ८०० ते ५०० च्या दरम्यान, कार्बन-नायट्रोजनशी जुळून त्याचे कण पडतात. वेळेत गार झालं तर कण मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे आणि अगणित, त्यामुळे ताण आला की धातूच्या आतल्या थरांची घसरण पावलोपावली अडते. रेंगाळलं की तेच कण मोठे आणि विरळ. शेंगाचटणी अर्धवट कुटली तर कसं होतं? शेंगदाणे तेवढेच, पण एका घासात अख्खा दाणा, पुढचे चार घास नुसतं तिखट.

मी त्याच हीटचे, म्हणजे एकाच वितळणीच्या मालाचे, रॉड जाळीवर सुटे मांडले, बाजूला पंखा लावला. २६८ आलं. दाजींना आकडा दाखवला तर म्हणे, "मे महिना आहे, तुमच्या मशीनला ऊन लागलं असंल."

स्वस्ताचं म्हणाल तर भट्टीचं भाडं, तेल आणि वाकडं सरळ करणं, तिन्ही वाचतं. मालाचा भाव तुम्ही काढा. फक्त पातळ जॉबवर थेट पंखा मारू नका, उगाच कडक होतो आणि मशीनशॉपवाले टूल घेऊन भांडायला येतात.

आणि हो, जॉब धक्के खाणारा असेल तर मीही तेलातून काढून ६०० डिग्रीच्या आसपास टेम्पर केलेलं, म्हणजे पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवलेलं, ईएन१९च घेईन, ते जास्त चिवट. एवढं दाजींच्या कानावर जाऊ देऊ नका.