उकळलेला रस्सा बाधतो कसा?

प्रश्न : गावच्या लक्ष्मी यात्रेला पै-पाहुण्यांसाठी रात्रीच मटणाचा रस्सा करून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गरम करून वाढला. मध्यरात्रीनंतर बऱ्याच जणांना पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले. उलटी फारशी कुणाला नाही, तापही नाही. मटण दोन तास रटरटत होतं, मग बाधलं कसं?
(एक वाचक, खानापूर तालुका)

जेवणानंतर दहा-बारा तासांनी कळा, पातळ जुलाब, उलटी-ताप नाही, ही लक्षणं पाहता 'क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स' या जिवाणूचा दाट संशय येतो. पक्की खात्री प्रयोगशाळेतच होते. हा जिवाणू मातीत असतो, जनावरांच्या आतड्यात असतो, मटणावर आणि मसाल्यातही सापडतो. उकळीनं तो मरतो, पण त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातलं त्याचं झोपी गेलेलं रूप, मरत नाहीत. उलट उकळल्यानं रश्श्यातली हवा निघून जाते, आणि याला तर हवा नकोच असते.

चूल विझल्यावर खरी गडबड सुरू होते. चाळीस-पन्नास लिटरचा हंडा झाकून ठेवला, तर त्याच्या पोटातला रस्सा सकाळपर्यंत कोमटच राहतो. तापमान 50 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलं की बीजाणू उगवतात. 43 ते 45 अंशांना तर दर दहा मिनिटांच्या आसपास जिवाणूंची संख्या दुप्पट होते. रात्रभरात काय होत असेल, तुम्हीच हिशेब करा. दुपारी कडेनं बुडबुडे दिसले की आचारी जाळ ओढतो, मधला भाग मात्र नुसता कोमट झालेला असतो. असे लाखो जिवंत जिवाणू पोटात जातात आणि आतड्यात विष तयार करतात.

यात्रेसाठी आमचा सल्ला एकच : मटण रात्री शिजवूच नका. कापलेलं मटण बर्फात ठेवा, मसाला वाटून ठेवा, चूल पहाटे पेटवा. शिजल्यापासून पंगत उठेपर्यंत हंड्याखाली निखारे असू द्या. रस्सा 60 अंशांच्या खाली उतरता कामा नये. अन्नात खुपसायचा थर्मामीटर यात्रा कमिटीनं एकदाच घेतला, तर वर्षानुवर्षं चालेल.

रात्री करण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर रस्सा परातींत आणि उथळ पातेल्यांत काढा, थर दोन इंचांपेक्षा जाड नको. भांडी बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा. दोन तासांत 21 अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत 5 अंशांपर्यंत तो उतरायला हवा. वाढण्याआधी तळापासून ढवळत खळखळून उकळा. अख्खा गरम हंडा फ्रीजमध्ये ढकलला, तर हंडा निवत नाही आणि फ्रीजमधल्या बाकीच्या जिनसाही तापतात.

प्रश्न : बेळगावचा कुंदा आणि घरची बासुंदी दिवसभर बाहेर राहिली. वास चांगला आहे. पुन्हा आटवून घेतली तर चालेल का?
(एक वाचक, निपाणी)

बासुंदी टाकून द्या. दूध आटवताना जिवाणू मरतात, पण नंतर गार करताना, ढवळताना, डबे भरताना हात लागतो. हातावरच्या फोडातून किंवा नाकातून 'स्टॅफिलोकोकस ऑरियस' हा जिवाणू दुधात उतरतो आणि तिथं विष सोडतो. या विषाला वास नसतो, चव नसते, आणि उकळल्यानं ते जात नाही. खाल्ल्यावर तास ते सहा तासांत जोराच्या उलट्या होतात. रश्श्याच्या बाबतीत नीट दिलेली दुसरी उकळी उपयोगी पडते, इथं ती निरुपयोगी आहे. हा फरक घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

कुंदा भाजून आटवलेला, त्यात पाणी कमी आणि साखर भरपूर, म्हणून तो बासुंदीपेक्षा टिकतो. पण ओलसर, मऊ कुंदा उन्हाळ्यात दिवसभर बाहेर राहिला असेल, तर लहान मुलांना आणि गरोदर बाईला तरी देऊ नका.

रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकणाऱ्यांनाही हेच लागू. भातातल्या 'बॅसिलस सिरियस' या जिवाणूचं उलटीचं विषसुद्धा फोडणीला दाद देत नाही. उरलेला भात तासाभरात पसरून गार करा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

प्रश्न : चिकन हळद-मिठाच्या पाण्यानं किती वेळा धुवावं?
(एक वाचक, चिकोडी)

एकदाही नाही. धुताना उडणारे शिंतोडे साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर कोथिंबिरीपर्यंत पोचवतात. हे जिवाणू शिजवल्यानं मरतात, धुतल्यानं नाही. रक्त कागदानं टिपून घ्या. कांदा-काकडी चिरायला वेगळी फळी आणि वेगळी सुरी वापरा, हात साबणानं वीस सेकंद धुवा.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी बदलतं आणि घरात जुलाब सुरू होतात. ब्लीचिंग पावडर किती टाकावी?
(एक वाचक, खानापूर तालुका)

आधी पाणी मोजा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीनं आणि 3.14 नं गुणा, मग 4 नं भागा. उत्तर घनमीटरमध्ये येतं, एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. दर 1000 लिटरला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर 2.5 ग्रॅम लागते. व्यास 2 मीटर आणि पाणी 5 मीटर असेल, तर 15,700 लिटर पाणी होतं, म्हणजे सुमारे 40 ग्रॅम पावडर.

पावडर कोरडी टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं स्वच्छ पाणी दुसऱ्या बादलीत ओता, खालचा चुना बाहेर फेका. ती बादली दोरानं पाण्याखाली सोडून वर-खाली, आजूबाजूला हलवा. त्यानंतर किमान एक तास पाणी उपसू नका. रात्री टाकलेली उत्तम.

पाणी गढूळ असेल, तर पावडरीतलं क्लोरीन गाळातच खर्ची पडतं आणि जिवाणू वाचतात. अशा दिवसांत पिण्याचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून, खळखळून एक मिनिट उकळा. उघड्या पोत्यातल्या जुन्या पावडरीवर भरवसा ठेवू नका, दमट हवेत तिचा जोर महिन्या-दोन महिन्यांत ओसरतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा.