ट्यूनर नाही बिघडला, तुम्हीच चार्ज झालेत

भाऊ, तुम्ही म्हणता सकाळी ट्यूनर (वाद्याचा सूर मोजायचं मशीन) नीट चालतो, दुपारी पियानोजवळ नेला की अडकतो, स्क्रीनवर नुसत्या काळ्या रेघा, आणि दुकानदार म्हणतो सर्किट बदला... थांबा जरा, पैसे नका घालू इतक्यात. जळगावात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतला दमटपणा २० टक्क्यांच्या खाली जातो, अशात टेरिकॉटची पॅन्ट घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठलं की अंगावर हजारो व्होल्ट साचतात. बोटाला चटका बसतो तेव्हाच साधारण ३००० व्होल्ट झालेले असतात, आपल्याला त्याचं काही नाही पण ट्यूनरच्या आतल्या चिपला बिघडायला काही वेळा शे-दोनशेही पुरतात.

मी स्वतः आपटलोय यात. भुसावळला एक जुना पियानो होता, फार उतरलेला, तारा तुटतील म्हणून नेहमीच्या ४४० हर्ट्झच्या सुराला न नेता मशीन ४३५ वर सेट केलं होतं. मध्येच उठून पाणी प्यायलो, येऊन मशीनला हात लावला आणि चट्ट! स्क्रीन गेली, परत आली, मी आपला तसाच पुढे. दीड सप्तक झाल्यावर जुन्या-नव्या पट्ट्या एकत्र वाजवल्या तर कानाला खुपायला लागलं, बघतो तर मशीन रीसेट होऊन ४४० वर बसलेलं, म्हणजे जवळपास २० सेंटचा फरक (अर्ध्या सुराचे १०० सेंट). अख्खी दुपार पाण्यात.

तेव्हापासून आधी घरातल्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा उघडा स्क्रू हातातल्या चावीने शिवतो (प्लग तीन पिनचा, लावलेला हवा), ठिणगी चावीतून जाते, मग ट्यूनर. नळाला हात लावा म्हणतात पण आता नळ पीव्हीसीचे, उपयोग शून्य. शिवाय उन्हाळ्यात जमीन अशी वाळते की अर्थिंग नावालाच, अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. ट्यूनरच्या माइकची पिनही चावीने स्क्रू शिवल्यानंतरच खोचा. स्क्रीन कोरड्या फडक्याने घासत बसू नका, त्यानेही रेघा येतात. आणि शर्ट सुती घाला हो, कापूस पिकवायचा आपण आणि अंगात पॉलिस्टर!

कूलर लावला तर चटके कमी होतात हे खरं, पण त्याचं तोंड पियानोकडे नको, साउंडबोर्ड (तारांमागची लाकडी फळी) ओल धरून फुगतो, सूर चढतो, कूलर बंद झाला की पुन्हा उतरतो, मग तुम्ही परत ट्यूनरलाच शिव्या देणार.

आत्ता बॅटरी काढून पाच-दहा मिनिटं ठेवा. तरी रेघा राहिल्या तर मग न्या दुकानात.