कारण चित्रात येऊ दे

अनेक आशीर्वाद.

मुलांसाठीच्या तुझ्या चित्रपुस्तकाची डमी, म्हणजे कच्ची प्रत, दोनदा पाहिली. गिधाडाच्या मानेभोवतीची ती पांढरी झालर कसली सुरेख उतरली आहे! पण शेवटच्या जोडपानावर तेच गिधाड डोळ्यांत पाणी आणून म्हणतं, 'झाडं लावा, मला वाचवा.' आणि खाली पेन्सिलीने तू विचारलं आहेस, मरण दाखवलं तर मुलं घाबरतील का? तू भलत्याच जागी अडकली आहेस, म्हणून हे पत्र.

अगं, गिधाडं काय झाडांवाचून मेली? ती डायक्लोफेनॅक या औषधाने मेली. गुराची सूज उतरावी, दुखणं थांबावं म्हणून ते टोचायचे. असं जनावर मेलं की औषध मांसातून गिधाडाच्या पोटात जायचं, मूत्रपिंडं निकामी व्हायची, मान लोंबायला लागायची आणि काही दिवसांत पक्षी मरून पडायचा. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. यात दुष्ट कुणीच नाही. ज्याची त्या गुरावर माया होती त्यानेच इंजेक्शन देववलं. पाच वर्षांच्या मुलाला हे बरोबर कळतं, आजारपणातलं औषध त्याच्या ओळखीचं असतं. 'माणसाच्या हावेमुळे' या तुझ्या वाक्यातून मात्र त्याला काहीच कळत नाही. आपणही त्याच माणसांतले, एवढीच टोचणी लागते.

कारण चित्रात आलं पाहिजे. मजकुरात नव्हे, मलपृष्ठावरच्या माहितीच्या चौकटीत तर नव्हेच.

खवल्या मांजर घे. संकट आलं की ते अंगाचं मुटकुळं करतं, मग सिंहाचे दातही त्या खवल्यांवर चालत नाहीत. माणूस येतो आणि तेच मुटकुळं अलगद उचलून पोत्यात टाकतो. उजव्या पानावर सिंह, पान उलटलं की पोतं. शब्द कशाला हवेत?

माझ्या माळढोकाच्या पुस्तकाचं तुझ्या कानावर आलंच असेल. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे समोरची विजेची तार त्याला वेळेवर दिसत नाही. अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत आडव्या तारा रेखाटल्या होत्या. प्रकाशक म्हणाले, तारा नकोत, शिकारी घाला, मुलांना शिकारी समजतो. मी ठाम नकार दिला. पुस्तक निघालंच नाही, आणि त्याची खंत मला आजही आहे. लोकांनी हट्टी म्हटलं. म्हणोत. शिकारी घातला असता तर मुलांनी बंदुकीचा राग केला असता आणि तारा होत्या तिथेच राहिल्या असत्या. तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावता येतात, तारा जमिनीखालून नेता येतात. पण चित्रात तारच नसेल तर कोणतं मूल हे विचारणार? मी तेव्हा बरोबर होते, आजही तेच सांगेन.

आता तुझी भीती. मुलं घाबरतात, थोडी घाबरू देत. कारण दिसलं की ती लगेच 'मग?' विचारतात, आणि गिधाडांच्या गोष्टीत त्या 'मग'ला उत्तर आहे. २००६ मध्ये भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे औषध गुरांना लागू पडतं आणि गिधाडांना बाधत नाही. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतलं औषध गुरांना दिलं जातच होतं, म्हणून २०१५ मध्ये ती बाटली ३ मिलिलिटरची केली. मोठी बाटली, चिमुकली बाटली! एवढं आयतं चित्र समोर असताना तू अश्रू कसले काढत बसलीस?

आणि हो, शेवटी घाईघाईने आभाळ गिधाडांनी भरू नकोस. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. झाडं हवीतच तर घरट्यासाठी एखादं उंच झाड मागे उभं कर, त्याच्यावर घोषणा नको.

पुढची डमी पाठवशील तेव्हा मजकूर अजिबात पाठवू नकोस. नुसती चित्रं पाठव. गिधाड कशाने मेलं हे मला त्यांवरून कळलं, की मग शब्दांचं बोलू.