‘जिवंत जीवाश्म’ म्हणावे का?

फोंड्याच्या एका शिक्षिकेचा प्रश्न : सीलाकँथ माशाला ‘जिवंत जीवाश्म’ म्हणतात. जीवाश्म म्हणजे दगड झालेला जीव, मग तो जिवंत कसा? दुसरा शब्द वापरावा का?

नको. शब्दांची जोडी विसंगत आहे खरी, पण डार्विनने १८५९ साली वापरलेल्या ‘लिव्हिंग फॉसिल’चे ते सरळ भाषांतर आहे आणि आता रुळले आहे. घोळ असतो तो पुढच्या वाक्यात : ‘हा मासा ४० कोटी वर्षे जसाच्या तसा आहे.’ हे वाक्य खोडा. तेवढा जुना आहे तो गट. आजच्या लॅटिमेरिया प्रजातीचा एकही जीवाश्म मिळालेला नाही. गटातल्या जुन्या माशांपैकी कॅनडात सापडलेला एक तर दुभंगलेल्या शेपटीचा, वेगाने पोहणारा होता. नाव पडले त्याचे कारण वेगळे. हा गट साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपला असे सगळे धरून चालले होते, आणि डिसेंबर १९३८मध्ये दक्षिण आफ्रिकेत तो ट्रॉलरच्या जाळ्यात आला. तिथल्याच ईस्ट लंडन शहराच्या संग्रहालयातल्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांनी तो मासळीच्या ढिगातून वेगळा काढला.

‘पायांचा मासा’ हेही टाळा. ‘मांसल परांचा’ म्हणा. जोडीचे पर तो आळीपाळीने हलवतो, पण तळावर चालत नाही. ‘अंडी घालतो’ तर साफ चूक. संत्र्याएवढी अंडी मादीच्या पोटातच उबतात आणि पिल्लेच बाहेर येतात.

‘दुर्मीळ’ हा शब्द मात्र मला तोकडा वाटतो. आफ्रिकेकडच्या जातीसाठी ‘अतिसंकटग्रस्त’ लिहा, कारण तो ठरवून दिलेला दर्जा आहे. मादी पन्नाशी उलटल्यावर वयात येते आणि गर्भ सुमारे ५ वर्षे वाढतो, असा अंदाज आहे. अशा माशाची एक गाभण मादी गेली तरी भरून यायला पिढी जाते. टांझानियात हे मासे मोरी म्हणजे शार्क माशासाठी लावलेल्या खोल जाळ्यांत अडकतात. खायला कुणी धरत नाही. मांस तेलकट, खाल्ले तर पोट बिघडते. जाळ्यातून ‘सुखरूप सोडला’ असेही सहसा लिहू नये. दिवसा १५०-२५० मीटरवरच्या गार पाण्यात, कपारीत राहणारा हा मासा वरच्या कोमट, कमी प्राणवायूच्या पाण्यात आला की गुदमरतो, आणि बहुतेक वेळा काही तासांत मरतो.