मास्क नेमका कोणासाठी?

प्रश्न : ताई, सुपरहिरोंची कॉमिक्स लहानपणापासून वाचतोय, चाळिशी आली तरी सुटत नाहीत. पण एक गोष्ट कधी पटली नाही. आईवडील डोळ्यांसमोर गेले, मान्य, फार वाईट झालं. पण म्हणून कोणी रोज रात्री वटवाघळाचा ड्रेस घालून गुंडांना बडवत फिरतं का? बॅटमॅनला सूडच घ्यायचा होता तर तो एक खुनी शोधायचा, विषय संपला. हे लोक थांबत का नाहीत?

उत्तर : विषय संपला, हेच तर तिथे होत नाही ना! सुडाला शेवट असतो, माणूस सापडला की संपलं. बॅटमॅन मे 1939 च्या अंकात पहिल्यांदा आला, पण तो असा का झाला ते नोव्हेंबरच्या अंकात सांगितलं, तेही जेमतेम दोन पानांत. त्यातलं एक छोटंसं चित्र जरूर बघा. रात्रीची वेळ, पलंगापाशी मेणबत्ती, एक पोरगं हात जोडून शपथ घेतंय. आता ती शपथ नीट वाचा, त्या एका खुन्याला धडा शिकवीन एवढंच म्हणून तो थांबत नाही, उरलेलं सगळं आयुष्य सगळ्याच गुन्हेगारांशी लढेन असं म्हणतो. मोठा माणूस एवढी मोठी शपथ घेत नाही आणि रागाच्या भरात घेतलीच तरी चार महिन्यांत ती सैल पडते, लहान मुलाला मात्र मोजमाप कळत नाही, त्याला सगळं जगच दुरुस्त करायचं असतं कारण त्या रात्री त्याच्या हातात काहीच नव्हतं. माझ्या मते बॅटमॅन म्हणजे त्या मुलाचा शब्द पाळत बसलेला मोठा माणूस. आणि तुम्ही म्हणता तसा खुनी सापडतोही बरं का, 1948 च्या एका गोष्टीत ‘जो चिल’ नावाचा तो माणूस सापडतो, मरतो, आणि बॅटमॅन आपला पुन्हा छतांवर हजर.

स्पायडरमॅनचं वेगळं आहे, तिथे दुःखापेक्षा अपराधीपणा जास्त आहे. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात, 1962 च्या त्या पहिल्या गोष्टीत पीटरने, म्हणजे स्पायडरमॅननेच, तो ड्रेस लोकांना वाचवायला शिवलेलाच नाही, टीव्हीवर शो करून पैसे आणि नाव कमवायला शिवलाय. शो संपतो, कॉरिडॉरमधून चोर पळत येतो, मागून शिपाई ओरडतोय, अडव त्याला, आणि हा नुसता बघत उभा राहतो, चोर लिफ्टमध्ये शिरून निसटतो. पुढे तोच चोर पीटरला वाढवणाऱ्या बेनकाकांना मारतो. ड्रेस तोच राहतो पण आता तो अंगावर घातला की प्रत्येक वेळी ती लिफ्ट आठवत असणार. असं ओझं किती चोर पकडले की उतरेल? आकडाच नाही. म्हणून तोही थांबत नाही.

उरला पनिशर, 1974 पासूनचा, गुंडांना थेट ठार मारत सुटलेला. बायको आणि दोन्ही मुलं गुंडांनी मारली. त्याच्या तोंडावर मास्क नाही हे मला फार बोलकं वाटतं. मास्क कशासाठी असतो, तर सकाळी ज्या घरी परत जायचंय तिथली माणसं सुरक्षित राहावीत म्हणून. याच्याकडे परत जायला कोणी उरलंच नाही, मग चेहरा कोणासाठी लपवायचा? त्याच्या छातीवरचं कवटीचं चिन्ह स्वतःच्या छातीवर मिरवणाऱ्या वाचकांनी एवढं तरी बघावं, तो आदर्श म्हणून लिहिलेलाच नाहीये. त्याचा एक निर्माता गेरी कॉनवे याने पोलिसांनी ते चिन्ह वापरण्याला उघड विरोध केला होता, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

प्रश्न : मग हा आजार म्हणायचा का? बॅटमॅनला पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक आजार, आहे असं मुलगी म्हणते.

उत्तर : कागदावरच्या माणसाचं निदान करायला मी थोडी बिचकते. पण मुलीला एक विचारा. या आजाराचं एक मोठं लक्षण म्हणजे टाळणं, माणूस ती जागा, तो आवाज, तो विषय टाळतो. आणि हा तर वर्षातून एकदा, आईवडील गेले त्या तारखेला, मुद्दाम त्याच गल्लीत जातो, 1976 ची ती गोष्ट तिला वाचायला द्या. आठवणी पाठ सोडत नाहीत हे खरंय, झोप नाही हेही खरंय, पण टाळणं बसत नाही. मी त्याला अडकलेलं दुःख म्हणेन.

खरी काळजी वाटते ती रोर्शाकची, 1986 साली सुरू झालेल्या ‘वॉचमेन’ या कॉमिक्स मालिकेतला मास्कवाला. तो मास्कला मास्क म्हणतच नाही, चेहरा म्हणतो. पोलिस पकडून मास्क ओढतात तेव्हा ओरडतो, माझा चेहरा परत द्या. ब्रूस, म्हणजे बॅटमॅन, सकाळी मास्क काढून कोणाशी तरी दोन शब्द बोलतो, नाटकी का असेना, पण बोलतो. याच्याकडे काढल्यावर उरणारा माणूसच संपत आलाय.

प्रश्न : माझा पाच वर्षांचा मुलगा दिवसभर केप घालून फिरतो. मास्क लावला की दंगा वाढतो. बंद करू का?

उत्तर : केप अजिबात काढू नका! 2017 साली छापून आलेला एक प्रयोग आहे, चार आणि सहा वर्षांच्या 180 मुलांना कंटाळवाणं काम दिलं होतं. ज्यांना सांगितलं की तू बॅटमॅन आहेस असं समज आणि स्वतःला विचार, बॅटमॅन नीट काम करतोय का, ती मुलं जास्त वेळ टिकून बसली. दंग्याचं म्हणाल तर त्यालाही जुना पुरावा आहे. 1976 च्या एका अभ्यासात हॅलोविनला, म्हणजे मुलं वेष करून घरोघरी खाऊ मागतात त्या अमेरिकेतल्या सणाला, वेष करून आलेल्या मुलांना सांगितलं होतं, एकच चॉकलेट घ्या. ज्यांना नाव विचारलंच नव्हतं आणि जी घोळक्यात होती त्यांनी जास्त उचलली. म्हणजे त्रास कपड्याने कमी, आपल्याला कोणी ओळखत नाही या भावनेने जास्त होतो. तेव्हा मास्क लावलेला असतानाही त्याला अधूनमधून त्याच्या खऱ्या नावाने हाक मारत जा, आणि खेळणी आवरायची वेळ झाली की बॅटमॅनला विचारा, झालं का काम.