मुंबईहून एका दिवसात अलिबागचा कुलाबा किल्ला चालत पाहून परत येता येईल का? कोणत्या दिवशी जावं?

हो, आरामात येता येईल. फक्त रविवार बघून दिवस ठरवू नका, तिथी बघा: शुक्ल किंवा वद्य एकादशी-द्वादशीच्या आसपासचा दिवस घ्या. किल्ल्यापर्यंतची वाट ओहोटीतच उघडी पडते. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: पंधरवड्यातली तिथी गुणिले पाऊण म्हणजे भरतीची अंदाजे वेळ. एकादशीला भरती सव्वाआठच्या सुमारास, म्हणजे सहा तासांनी, अडीचच्या आगेमागे, पूर्ण ओहोटी. सकाळच्या बोटीने गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्यांना ही वेळ अगदी सोयीची. बहुतेक बोटींच्या तिकिटातच मांडवा-अलिबाग बसही असते. पुनवेला-अवसेला पाणी सर्वांत जास्त हटतं खरं, पण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. अष्टमीला ओहोटी दुपारी असते, पण पाणी फारसं ओसरत नाही, घोडागाडी करावी लागते.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी चालू लागा आणि पाणी वळल्यावर रेंगाळू नका. आत रघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आणि गोड्या पाण्याची विहीर आहे, भर समुद्रात गोडं पाणी! ती चुकवू नका.

हा हिशेब अंदाजाचाच, तासभर इकडेतिकडे होतो; निघण्यापूर्वी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच. पावसाळ्यात मात्र हा बेत नको: गेटवेच्या बोटी बंद असतात आणि समुद्र खवळलेला असतो.