मुलाच्या दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर ७५ टक्के आलेत, पण तीव्र दिव्यांगत्वाच्या लाभांना ८० लागतात. आता काय करता येईल?

आधी दाखला नीट वाचा. त्यावर फक्त ‘बौद्धिक अक्षमता’ आहे का? तुम्ही लिहिलंय की मुलगा सात वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर होणारा परिणाम) आहे आणि आधाराशिवाय चालत नाही. ७५ हा बौद्धिक अक्षमतेच्या मध्यम गटाचा ठरलेला आकडा आहे (सौम्य ५०, तीव्र ९०). म्हणजे बहुधा पायांच्या दिव्यांगत्वाचं मोजमाप झालेलंच नाही.

दोन दिव्यांगत्वांची सरळ बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात, लहान आकडा × (९० − मोठा आकडा) ÷ ९० एवढी भर पडते. चालण्याचे ४० टक्के निघाले तर ४० × १५ ÷ ९०, म्हणजे ६.७, एकूण ८१.७. तुमच्या बाबतीत ३० टक्के निघाले तरी बरोबर ८० होतात.

तेव्हा सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डासमोर बहुदिव्यांगत्व म्हणून तपासणी मागा. सायकॉलॉजिस्टचा अहवाल, एमआरआय, ऑर्थोपेडिकचे आणि फिजिओथेरपीचे कागद एकाच फाइलमध्ये न्या. तोंडी सांगितलेलं बोर्ड धरत नाही. निर्णय पटला नाही तर ९० दिवसांत अपील करता येतं. ८० झाले की युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) पिवळ्याचं निळं होतं.

पण सगळीकडेच ८० लागत नाहीत. संजय गांधी निराधार योजनेला ४० पुरतात. तिथे घोडं अडतं ते वार्षिक ५०,००० च्या उत्पन्न मर्यादेवर. निरामय आरोग्य विम्यात (एक लाखापर्यंत) सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही बसतात. केंद्राच्या दिव्यांग पेन्शनला मात्र ८० टक्के, दारिद्र्यरेषा आणि वय १८ पूर्ण, तिन्ही हवं. त्यासाठी आत्ता धावपळ नको.

पगारदार असाल तर खरा फरक आयकरात पडतो. कलम ८०डीडीखाली ४० टक्क्यांना ७५,००० आणि ८० टक्क्यांना १,२५,००० ची वजावट मिळते, खर्च कितीही झालेला असो. मात्र जुनी करप्रणालीच निवडावी लागते, आणि सेरेब्रल पाल्सीला फॉर्म १०-आयए (आयकरासाठीचं वैद्यकीय प्रमाणपत्र) वेगळा लागतो.

राहिला काळजीवाहक भत्ता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २४ मध्ये तो आहे, पण ‘जास्त आधाराची गरज’ असलेल्यांसाठी, आणि रक्कम राज्यानं ठरवायची. ती गरज टक्क्यांवरून आपोआप ठरत नाही. कलम ३८ खाली वेगळा अर्ज करावा लागतो.